दंडाची पावती

आपल्या शाळेचे जुने दाखल-खारीज रजिस्टर कपाटातून काढून एकदा निवांतपणे चाळून पाहा. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या पानांवर जन्मतारखेच्या रकान्यात एक तारीख पुन्हा पुन्हा भेटेल : १ जून. परगावचा एखादा अभ्यासक नुसत्या या रजिस्टरावरून निष्कर्ष काढायला बसला, तर ‘या गावातील बहुतेक मुले जूनच्या पहिल्या दिवशी जन्मतात’ असे तो लिहून ठेवील. आपण त्याला हसू, कारण ही तारीख कशी येते ते शिक्षकांना ठाऊक असते. आईवडिलांना तारीख सांगता येत नाही, शाळा जूनमध्ये सुरू होते, मुलाचे वय तर नियमात बसायला हवे. मग गुरुजी १ जून लिहून मोकळे होतात. ही नोंद मुलाच्या जन्माविषयी थोडेसेच सांगते. नोंद करण्याच्या रीतीविषयी मात्र ती बरेच काही सांगते.

या लेखात आम्ही अशाच एका नोंदीची हकीगत सांगणार आहोत. ती नोंद जन्माची नाही, गुन्ह्याची आहे. शिवाय तिच्यावर माणसांच्या जमिनी, घरे आणि पुढच्या पिढ्यांचे पोट अवलंबून राहिलेले आहे.

पत्र्याच्या पेटीतले कागद

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. त्याआधी हा सारा मुलूख पश्चिम खानदेश म्हणून ओळखला जाई. दक्षिणेकडे तापीचे सपाट, काळ्या मातीचे खोरे, उत्तरेला नर्मदा आणि मध्ये सातपुड्याच्या रांगा. २०११ च्या जनगणनेप्रमाणे जिल्ह्यातील सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. महाराष्ट्रातल्या कोणत्याही जिल्ह्यात हे प्रमाण इतके मोठे नाही. अक्राणी आणि अक्कलकुवा हे तालुके तर जवळजवळ पूर्ण डोंगराळ. गावे म्हणजे दूरदूर विखुरलेले पाडे, आणि शेते म्हणजे उतारावर दगडांचे बांध घालून धरलेले तुकडे.

अक्राणी तालुक्यातल्या अशा एका पाड्यावर आम्ही तिथल्या शिक्षकमित्राबरोबर गेलो होतो. एका आजोबांनी आम्हांला घरातली पत्र्याची पेटी उघडून दाखवली. तळाशी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले तीन कागद होते. घड्यांवर फाटलेले, शाई उडालेली. त्या वनखात्याच्या पावत्या होत्या. जंगलाच्या जमिनीत नांगर धरला म्हणून आजोबांच्या वडिलांनी आणि पुढे खुद्द आजोबांनी भरलेल्या पैशांच्या. आजोबा पावरी बोलीत काही म्हणाले आणि हसले. आमच्या मित्राने त्याचे मराठी करून सांगितले, “गुरुजी, हाच आमचा सात-बारा.”

शेजारच्या घरातल्या माणसाकडे एकही पावती नव्हती. शेत तर त्याचेही तितकेच जुने होते. पण ते ओहोळाच्या पलीकडे, आडबाजूला. तिथवर चढून कोणी पोचलेच नाही. त्यामुळे त्याचा ‘गुन्हा’ कधी नोंदला गेला नाही. आणि त्यामुळेच, पुढे हक्क सांगायची वेळ आली तेव्हा त्याच्या हातात दाखवायला काही नव्हते.

हा प्रकार आम्हांला प्रथम चमत्कारिक वाटला. गुन्ह्याची नोंद म्हणजे माणसाच्या नावावरचा डाग. ती हरवली तर बरेच, असे आपण समजतो. इथे मात्र ती जपून ठेवली जात होती. हे असे का झाले, ते समजून घ्यायला आपल्याला सुमारे दीडशे वर्षे मागे जावे लागेल.

नांगर धरणे हा गुन्हा कधीपासून?

खानदेश १८१८ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात आला. डोंगरातल्या भिल्लांना ताब्यात आणणे कंपनीला सोपे गेले नाही. १८२५ साली जेम्स आउट्रम या अधिकाऱ्याने धरणगाव येथे भिल्लांचीच एक पलटण उभी केली. तिला खानदेश भिल्ल कोअर म्हणत. त्या काळच्या सरकारी लिखाणात भिल्ल हा शब्द वारंवार लूटमारीच्या संदर्भात येतो. गावांची राखण आणि तिच्या मोबदल्यात गावांकडून मिळणारे हक्क, अशी जुनी व्यवस्था या भागात होती. ती विस्कटल्याने लूटमार किती वाढली, हा प्रश्न मात्र त्या लिखाणात मागे पडतो. थोडक्यात, या लोकांकडे ‘संशयित’ म्हणून पाहण्याची सरकारी नजर जंगल कायद्याच्या आधीच तयार झालेली होती.

मग जंगलाचा कायदा आला. १८६४ साली भारतात वनखाते सुरू झाले आणि डिट्रिख ब्रँडिस हे जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ त्याचे पहिले महानिरीक्षक झाले. रेल्वेच्या रुळांखाली घालायला, जहाजांना, इमारतींना लाकूड हवे होते. १८६५ साली पहिला वन कायदा झाला, १८७८ साली अधिक कडक असा दुसरा, आणि १९२७ साली आजचा भारतीय वन कायदा.

१८७८ च्या कायद्याआधी अधिकाऱ्यांमध्येच एक महत्त्वाचा वाद झाला. बेडन-पॉवेल यांच्यासारख्यांचे म्हणणे असे, की ज्या हक्काला राज्यकर्त्याने दिलेला आधार नाही तो हक्कच नव्हे. लोक जंगल वापरत आले ते केवळ सवलत म्हणून. ब्रँडिस यांचे म्हणणे वेगळे होते. पिढ्यान्‌पिढ्यांच्या वहिवाटीतूनही हक्क निर्माण होतो, आणि सरकारने तो मानला पाहिजे, असे ते म्हणत. वरवर हा वाद जंगलाचा वाटतो. खरे तर तो पुराव्याचा आहे. कागद नसलेल्या माणसाचा शब्द पुरावा म्हणून धरायचा की नाही, असा तो प्रश्न होता. बेडन-पॉवेल यांची बाजू वरचढ ठरली.

१९२७ च्या कायद्यात ही रीत कशी दिसते ते पाहू. एखादे जंगल राखीव करायचे ठरले की सरकार जाहीरनामा काढते. त्या जमिनीवर कोणाचा काही हक्क असेल तर त्याने तो ठरावीक मुदतीत, म्हणजे निदान तीन महिन्यांत, अधिकाऱ्यासमोर मांडायचा. मुदतीत न मांडलेला आणि चौकशीतही उघड न झालेला हक्क संपुष्टात येतो. फिरत्या शेतीला तर कायद्याने हक्क मानलेच नाही. ती सरकारच्या मर्जीने चालणारी आणि बंदही करता येणारी सवलत ठरवली. लिहितावाचता न येणारा, सरकारी भाषा न कळणारा, तालुक्याच्या गावापासून दोन दिवसांच्या वाटेवर राहणारा माणूस या मुदतीत काय करू शकला असेल, याचा विचार आपण करू शकतो.

जंगल एकदा राखीव झाले की कलम २६ लागू होते. राखीव जंगलातली जमीन शेतीसाठी साफ करणे किंवा नांगरणे हा या कलमाने गुन्हा आहे. मूळ कायद्यात त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा होती. काल जे काम शेती होते, ते आज गुन्हा झाले. शेतात काहीच बदलले नव्हते, आणि शेतकऱ्यातही नाही. बदलली होती ती फक्त कायद्याची व्याख्या.

असे फक्त आपल्याकडेच घडले असे नाही. ब्रँडिस यांचा जन्म ज्या बॉन शहरातला, ते शहर तेव्हा प्रशियाच्या ऱ्हाइन प्रांतात होते. त्या प्रांताच्या विधिमंडळात १८४१ साली एक चर्चा झाली. जंगलात गळून पडलेली वाळकी लाकडे गरिबांनी उचलली, तर ती चोरी समजायची का? कार्ल मार्क्स या तरुण पत्रकाराने १८४२ मध्ये या चर्चेवर लेख लिहिले. तो प्रश्न किती मोठा होता ते आकड्यांवरून कळते. १८३६ साली प्रशियात जे सुमारे दोन लाख सात हजार खटले भरले गेले, त्यांपैकी दीड लाख लाकूडचोरीचे आणि जंगलाच्या इतर गुन्ह्यांचे होते. एका वर्षात इतके लोक एकदम चोर झाले, असे कोणी म्हणणार नाही.

पावती नेमके काय सांगते?

आता आजोबांच्या पेटीतल्या कागदाकडे पुन्हा येऊ. आपण त्याला दंडाची पावती म्हणतो, गावातही तसेच म्हणतात. पण कायद्याच्या भाषेत तो दंड नाही.

दंड न्यायालय करते. त्याआधी आरोप ठेवावा लागतो, साक्षी होतात, आरोपीला आपले म्हणणे मांडता येते. गुन्हा सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारवर असते. वन कायद्याच्या ६८ व्या कलमाने याला एक आडवाट ठेवली आहे. ज्याने जंगलाचा गुन्हा केल्याचा वाजवी संशय आहे, अशा माणसाकडून वन अधिकाऱ्याने भरपाई म्हणून काही रक्कम घ्यावी आणि प्रकरण तिथेच मिटवावे. मूळ कायद्यात ही रक्कम पन्नास रुपयांपेक्षा जास्त नसावी, आणि ती घेणारा अधिकारी निदान रेंजर दर्जाचा असावा, अशी अट होती.

या वाटेचा एक फायदा उघड आहे. न्यायालयाच्या खेपा वाचतात, तुरुंग टळतो. पण तिचा दुसरा परिणाम अभ्यासकाने विसरता कामा नये. पावती ही सिद्ध झालेल्या गुन्ह्याची नोंद नाही. ती संशयाची आणि मिटवामिटवीची नोंद आहे. ही जमीन खरोखर राखीव जंगलात येते का, राखीव करताना तिथे वहिवाट होती का, तिची चौकशी झाली होती का, हे प्रश्न कोणत्याही न्यायाधीशासमोर कधी आलेच नाहीत. ज्या प्रश्नांनी आरोपी सुटू शकला असता, नेमके तेच प्रश्न विचारण्याची जागा पैसे भरताच बंद झाली.

आता या नोंदींवरून कोणी गुन्ह्यांचा अभ्यास करू लागला तर? बेल्जियमचे गणितज्ञ अ‍ॅडॉल्फ केटले यांनी १८३० च्या दशकात गुन्ह्यांच्या आकड्यांचा पद्धतशीर अभ्यास सुरू केला. तेव्हाच त्यांच्या एक अडचण लक्षात आली होती. आपल्याला दिसतात ते नोंदलेले गुन्हे. घडलेले गुन्हे किती, ते कोणालाच दिसत नाहीत. नोंदलेल्यांचे घडलेल्यांशी प्रमाण कायम राहते, असे गृहीत धरले तरच आकड्यांची तुलना करता येते.

सातपुड्यात हे गृहीत टिकेल का? रस्त्याकडेच्या शेतावर पहारेकरी वरचेवर जाणार, ओहोळापलीकडच्या शेतावर जाणार नाही. ज्या वर्षी पहारा वाढेल त्या वर्षी गुन्हे वाढलेले दिसतील. एखाद्या पाड्यावरच्या पावत्या जास्त, म्हणून तिथे जंगलतोड जास्त, असे म्हणता येणार नाही. कदाचित तो पाडा रस्त्याला जवळ असेल, इतकेच. गुन्ह्यांची नोंदवही गुन्हेगारांबरोबरच पहाऱ्याचाही नकाशा काढत असते. शाळेच्या रजिस्टरातल्या १ जूनसारखेच हे आहे.

अतिक्रमक ते दावेदार

स्वातंत्र्यानंतर कायदा तोच राहिला. सपाटीवरच्या आदिवासींच्या बऱ्याच जमिनी कर्जापायी आणि फसवणुकीने दुसऱ्यांकडे गेल्या होत्या. त्यातून १९७२ साली शहाद्यात श्रमिक संघटना उभी राहिली. डोंगरातल्या लोकांचा प्रश्न जंगलजमिनीचा होता. नर्मदेच्या खोऱ्यात अशा शेताला ‘नेवाड’ म्हणतात. सरकारी कागदात त्याचे नाव ‘अतिक्रमण’ आणि कसणाऱ्याचे नाव ‘अतिक्रमक’. हा शब्द किती महाग पडतो, ते सरदार सरोवर धरणाच्या वेळी दिसले. या धरणामुळे अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतली ३३ गावे बाधित झाली. नर्मदा जलविवाद लवादाने १९७९ साली दिलेला निवाडा जमिनीच्या बदल्यात जमीन देणारा होता. पण कागदावर जमीनच नसलेल्या माणसाला कशाच्या बदल्यात काय मिळणार, असा पेच तिथे उभा राहिला.

दरम्यान, महाराष्ट्र सरकारने डिसेंबर १९७८ मध्ये निर्णय घेतला होता. ३१ मार्च १९७८ पर्यंतची अतिक्रमणे नियमित करावीत, असा. इथे आपल्या पावतीचे नशीब पालटते. जमीन त्या तारखेआधीपासून कसत होतो हे सिद्ध कसे करायचे? वनखात्याच्या अतिक्रमणाच्या याद्या, गुन्ह्याचे प्राथमिक अहवाल आणि दंडाच्या पावत्या, हेच कागद पुरावा म्हणून पुढे आले. सरकारनेच लिहिलेले, तारीख घातलेले, शिक्का मारलेले. जो कागद काल आरोप होता, तोच आज साक्षीदार झाला. ज्याला पकडले होते त्याला हक्क सांगता येऊ लागला. जो कधी पकडला गेला नव्हता, तो उघडा पडला.

पावत्यांवर बहुतेक पुरुषांचीच नावे असत. शेतात सारखेच राबणाऱ्या बाईचे नाव गुन्ह्यातही नव्हते आणि म्हणून हक्कातही नाही. नवरा वारला, पावती हरवली, की तिचा शेताशी असलेला कागदी संबंध संपला.

१९८० साली केंद्र सरकारचा वन संवर्धन कायदा आला. जंगलजमीन दुसऱ्या कामासाठी द्यायला आता केंद्राची परवानगी लागू लागली, आणि नियमित करण्याचे काम रेंगाळले. १९८६ साली महाराष्ट्रातल्या जंगलजमीन कसणाऱ्या आदिवासींच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयात अर्ज दाखल झाला. तो ‘प्रदीप प्रभू विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या नावाने ओळखला जातो. मार्च १९९५ मधल्या आदेशात न्यायालयाने दाव्यांच्या चौकशीत कागदोपत्री नसलेल्या पुराव्यालाही जागा दिली.

वास्तविक ही काही नवलाची गोष्ट नव्हती. १८७२ चा भारतीय पुरावा कायदा इंग्रजांनीच केलेला. एखाद्या सार्वत्रिक रूढीबद्दल किंवा हक्काबद्दल प्रश्न आला, तर ज्यांना ती रूढी ठाऊक असण्याचा संभव आहे अशा लोकांचे मत पुरावा म्हणून चालते, असे त्याच्या ४८ व्या कलमात होते. उदाहरणही दिले होते : एखाद्या विहिरीचे पाणी वापरण्याचा गावकऱ्यांचा हक्क. म्हणजे विहिरीच्या पाण्याबाबत गावातल्या जाणत्यांचा शब्द कायद्याला चालत होता. डोंगरातल्या शेताबाबत मात्र तो विचारायला कोणी गेले नव्हते.

मे २००२ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने अपात्र अतिक्रमणे ३० सप्टेंबर २००२ पर्यंत हटवण्याचे आदेश राज्यांना दिले आणि देशभर खळबळ उडाली. त्या धामधुमीतून पुढे डिसेंबर २००६ मध्ये संसदेने वन हक्क कायदा संमत केला. तो ३१ डिसेंबर २००७ पासून लागू झाला. वनवासी लोकांवर ‘ऐतिहासिक अन्याय’ झाला, असे या कायद्याच्या प्रास्ताविकातच म्हटले आहे. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जंगलजमीन कसणाऱ्या आदिवासी कुटुंबाला, प्रत्यक्ष ताब्यात असेल तेवढ्या, पण चार हेक्टरांपर्यंतच्या जमिनीवर हक्क मिळतो. तो पती आणि पत्नी दोघांच्या नावे नोंदवायचा असतो. दाव्याची पहिली तपासणी ग्रामसभेने करायची.

या कायद्याच्या नियमांत पुराव्यांची जी यादी आहे, ती इतिहासाच्या शिक्षकाने वर्गात वाचून दाखवावी अशी आहे. सरकारी दप्तरे, गॅझेटिअर, जनगणना आणि नकाशे तीत आहेतच. शिवाय जमिनीवरचे बांध, झोपडी, विहिरी, दफनभूमी आणि देवस्थाने आहेत, वंशावळ आहे, दावेदार नसलेल्या वडीलधाऱ्यांची लिहून घेतलेली साक्ष आहे. आणि एकापेक्षा जास्त पुरावे पाहूनच निर्णय करायचा आहे. इतिहासाची पद्धत तरी यापेक्षा वेगळी काय असते? एका साधनावर विसंबू नये, अनेक साधने एकमेकांशी ताडून पाहावीत, हेच तर आपण मुलांना शिकवतो.

आकाशातून पाहिलेले शेत

कायदा लागू झाल्यावर एक नवा साक्षीदार पुढे आला : उपग्रहाने घेतलेले चित्र. तो खोटे बोलत नाही, कोणाची बाजू घेत नाही, असे अनेकांना वाटले. पण शेजारच्या गुजरातेत उपग्रहचित्रांत शेत दिसत नाही म्हणून मोठ्या संख्येने दावे फेटाळले गेले. तिथल्या नर्मदा जिल्ह्यात काम करणारी ‘आर्च’ ही संस्था हा प्रश्न घेऊन उच्च न्यायालयात गेली. तेव्हा या साक्षीदाराचीही उलटतपासणी करू. तिला सहावी-सातवीचे गणित पुरते.

उपग्रहाचे चित्र लहान लहान चौकोनांचे बनलेले असते. एका चौकोनात जमिनीचा जेवढा भाग येतो, त्या साऱ्याचा मिळून एकच रंग नोंदला जातो. १९८८ साली सोडलेल्या आय.आर.एस.-१ए या भारतीय उपग्रहाच्या एका कॅमेऱ्याचा चौकोन सुमारे ७२.५ मीटर बाजूचा होता, म्हणजे सुमारे ५,२५६ चौरस मीटरांचा. एक हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. त्यात असे दोनसुद्धा पुरे चौकोन बसत नाहीत. एक एकराचे, म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटरांचे शेत तर एका चौकोनातच हरवून जाते. १९९५ च्या आय.आर.एस.-१सी उपग्रहाच्या एका कॅमेऱ्याचा चौकोन २३.५ मीटरांचा. त्याच्या चित्रात एकराच्या शेताला सातेक चौकोन मिळतात, पण त्यांतले बरेच कडेचे. त्यांत निम्मे शेत, निम्मे झाडोरा असा मिश्र रंग येतो.

आता सातपुड्यातले शेत डोळ्यांसमोर आणा. आकार वेडावाकडा. मधे मोहाची झाडे राखलेली, कारण मोह कोणी तोडत नाही. पीक पावसाळ्यातले : ज्वारी, मका, तूर, बर्टी. पीक उभे असते तेव्हा आभाळ ढगांनी भरलेले. ढग निवळल्यावरचे चित्र घ्यावे तर तोवर कापणी होत आलेली, आणि मोकळे रान आसपासच्या वाळल्या गवतासारखेच दिसणार. शिवाय उतार. ३० अंशांच्या उतारावरचे एक हेक्टराचे शेत वरून पाहिले तर ०.८७ हेक्टरांचेच दिसते. म्हणजे चित्र खोटे बोलत नाही हे खरे. पण त्याला जेवढे दिसते तेवढेच ते सांगते. ‘शेत दिसले नाही’ आणि ‘शेत नव्हते’ ही दोन वेगळी वाक्ये आहेत.

सप्टेंबर २०१२ मध्ये वन हक्क नियमांत दुरुस्ती झाली. तीत दोन खुलासे आले. दंडाच्या पावत्या, अतिक्रमकांच्या याद्या, गुन्ह्याचे प्राथमिक अहवाल यांसारखे कागद, किंवा त्यांचा अभाव, हे दावा फेटाळण्याचे एकमेव कारण असू शकत नाही. आणि उपग्रहचित्रे इतर पुराव्याला पूरक म्हणून वापरता येतील, त्याच्या जागी नव्हे. मे २०१३ मध्ये गुजरात उच्च न्यायालयानेही ‘आर्च’च्या अर्जावर निकाल देताना फेटाळलेल्या दाव्यांचा फेरविचार करण्यास सांगितले. आजोबांचा ओहोळापलीकडचा शेजारी या खुलाशांत कायद्याला प्रथम दिसला, असे म्हणायला हरकत नाही.

मग जंगलाचे काय?

इथे वाचक विचारतील, आणि विचारायलाच हवे, की शब्दावर विश्वास ठेवायचा तर उद्या कोणीही उठेल, झाडे तोडील आणि जुना हक्क सांगेल. जंगल कसे राहायचे? ही भीती खोटी नाही. सातपुड्याचे पुष्कळ डोंगर उघडे पडले आहेत. २००५ नंतर साफ केलेल्या जमिनीला या कायद्याने हक्क मिळत नाही, आणि खोटा दावा खऱ्या दाव्यालाही कमजोर करतो.

म्हणूनच तपासणीची रीत महत्त्वाची. वडीलधाऱ्याची साक्ष घ्यायची, पण ती बांधाच्या दगडांशी, पिढ्यांच्या वंशावळीशी आणि नकाशाशी ताडून पाहायची. ग्रामसभेत सगळ्यांसमोर विचारायचे, कारण शेजाऱ्याचे शेत किती जुने आहे ते शेजाऱ्यांना ठाऊक असते. या कायद्याने ग्रामसभेला जंगल राखण्याचा अधिकारही दिला आहे. ज्याचा हक्क पक्का झाला त्याला जंगल राखण्यात स्वारस्य असते. ज्याला उद्या हाकलले जाईल अशी धास्ती असते, त्याला कशाचीच शाश्वती नसते.

ही धास्ती जुनी झालेली नाही. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दावे अंतिमतः फेटाळले गेलेल्या लोकांना जंगलजमिनीवरून हटवण्यास राज्यांना सांगितले. १५ दिवसांनी, २८ फेब्रुवारीला, न्यायालयानेच त्या आदेशाला स्थगिती दिली. दावे फेटाळताना रीतसर पद्धत पाळली होती का, याची माहिती राज्यांकडून मागवली. त्याआधी मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला पायी गेलेल्या शेतकऱ्यांच्या मोर्चात वन हक्कांची मागणी अग्रभागी होती. प्रश्न पुन्हा तोच होता, ब्रँडिस आणि बेडन-पॉवेल यांच्या वेळचा. कागद नसलेल्या माणसाचे कोण आणि कसे ऐकून घेणार?

गुन्हा आणि न्याय यांवरचे संशोधन म्हणजे गुन्हेगारांची मोजदाद, असा एक समज आहे. आजोबांच्या पेटीने आम्हांला वेगळे शिकवले. आधी विचारावे, हे काम गुन्हा कोणी आणि कधी ठरवले. मग, नोंद कोणी केली, कोणाची केली, कोणाची केली नाही. आणि शेवटी, या नोंदीचा परिणाम कोणाच्या घरावर झाला. हे प्रश्न न विचारता काढलेला निष्कर्ष कितीही आकडेवारीने सजवला, तरी १ जूनला जन्मलेल्या मुलांच्या गावासारखाच असेल.

वर्गात एक गोष्ट सहज करता येईल. आलेखाच्या कागदावर मुलांना आपल्या शेताचा किंवा शाळेच्या आवाराचा आकार काढायला सांगा. त्यावर आधी मोठ्या आणि मग लहान चौकोनांची जाळी ठेवा. निम्म्याहून जास्त भरलेला चौकोनच रंगवायचा. प्रत्येक वेळी किती जागा ‘दिसली’ आणि किती नाहीशी झाली ते मोजा. मग त्याच शेताबद्दल घरातल्या आजी-आजोबांना विचारून यायला सांगा : हे कोणी पहिल्यांदा नांगरले, बांध कोणी घातला, विहीर कोणत्या दुष्काळात खणली. दोन्ही माहिती फळ्यावर शेजारी शेजारी लिहा. कुठे जुळते, कुठे जुळत नाही, ते मुलांनाच शोधू द्या.

आम्ही निघालो तेव्हा आजोबांनी ते तीन कागद पुन्हा पिशवीत गुंडाळले आणि पेटीच्या तळाशी ठेवले. शेजारी दारात उभा होता. त्याच्या शेताचा बांध आजोबांच्या बांधाइतकाच जुना आहे, हे सांगायला आजोबा स्वतः ग्रामसभेत उभे राहिले होते. ओहोळापलीकडच्या त्या शेताला तेवढा एकच साक्षीदार होता.